एका गावाचा हिशेब मांडताना: उत्तर आयर्लंडवरच्या ‘केन’ संग्रहाचं परीक्षण

अल्स्टर विद्यापीठाचा ‘केन’ हा संग्रह १९९७ पासून इंटरनेटवर आहे. पूर्ण नाव कॉन्फ्लिक्ट आर्काइव्ह ऑन द इंटरनेट. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन तीसेक वर्षं चाललेल्या हिंसाचाराला तिथली माणसं ‘द ट्रबल्स’ म्हणतात. त्या काळाचा वर्षवार घटनाक्रम, संघटनांची माहिती, सरकारी कागद, भित्तिचित्रांचे फोटो, स्मारकांची नोंद आणि मृतांची सूची असं सगळं इथे एकत्र मिळतं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. जुन्या पुस्तकांच्या तळटीपांत पत्ता ‘यूएलएसटी’ असा दिसतो. तो उघडला नाही तर त्या जागी ‘अल्स्टर’ असं पूर्ण लिहून पाहावं.

संग्रह अफाट आहे, पण हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. एखाद्या लहान गावाचं या काळात काय झालं हे इथून कितपत कळतं आणि मोजताना कुठे चूक होते, एवढंच पाहू. मराठीतून या विषयावर लिहिणारे पत्रकार आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी इथूनच आकडे उचलतात. बरेचदा ते पहिल्याच पानावरून उचलतात, आणि पहिलं पान गावाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

आधी शब्द. इथे मराठी माणसाचा पाय हमखास घसरतो. ‘पॅरामिलिटरी’ म्हणजे निमलष्करी असं आपण सवयीने लिहितो. आपल्याकडे निमलष्करी दल म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, म्हणजे सरकारचीच माणसं. उत्तर आयर्लंडमध्ये पॅरामिलिटरी म्हणजे सरकारबाहेरच्या सशस्त्र संघटना: एका बाजूला आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी), आयएनएलए (आयरिश नॅशनल लिबरेशन आर्मी) या रिपब्लिकन संघटना, दुसऱ्या बाजूला यूव्हीएफ (अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स), यूडीए (अल्स्टर डिफेन्स असोसिएशन) या लॉयलिस्ट संघटना. ‘निमलष्करी दलांनी दोन हजार माणसं मारली’ असं वाक्य मराठीत छापलं तर अर्थ नेमका उलटा होतो. ‘रिपब्लिकन’ या शब्दाचंही तसंच. महाराष्ट्रात तो ऐकला की बाबासाहेबांचा पक्ष आठवतो. तिथे रिपब्लिकन म्हणजे ब्रिटनपासून तोडून अखंड आयरिश प्रजासत्ताक मागणारे, आणि त्यांतले काही त्यासाठी शस्त्र धरणारे. लॉयलिस्ट म्हणजे ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठा सांगणारे. ‘सेक्टेरियन’साठी ‘जातीय’ चालत नाही, ‘धार्मिक’ही पुरेसं नाही, कारण दोन्हीकडे ख्रिस्तीच आहेत: रिपब्लिकन बहुतेक कॅथलिक, लॉयलिस्ट बहुतेक प्रोटेस्टंट. ‘पंथीय’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. संग्रहातला शब्दार्थांचा विभाग सूचीच्या आधी वाचून घ्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचा बराच गोंधळ टळतो.

या संग्रहाचा गाभा म्हणजे माल्कम सटन यांनी केलेली मृतांची सूची. १९६९ ते २००१ अखेरपर्यंतच्या ३,५३२ मृत्यूंची ती नोंद आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, नाव, वय, धर्म, दर्जा, कोणी मारलं, आणि मग एक-दोन वाक्यांत कुठे व कसं. ‘दर्जा’ म्हणजे नागरिक, सैनिक, पोलीस की संघटनेचा माणूस. विशेषणं नाहीत. कोणाला हुतात्मा म्हटलेलं नाही, कोणाला अतिरेकी म्हटलेलं नाही. बॉम्ब पेरताना स्वतःच उडालेला माणूस आणि बाजारात उभी असलेली मुलगी यांच्या नोंदींचा साचा एकच आहे. काहींना तो कोरडा वाटतो. आमच्या मते हाच या सूचीचा मोठा गुण आहे. ज्या समाजात प्रत्येक बाजूला आपल्या मृतांची वेगळी यादी आणि वेगळा दगड होता, तिथे सगळ्यांना एका रांगेत आणणं हे सोपं काम नव्हतं.

सूची दोन प्रकारे वापरता येते: वर्षवार किंवा आडनावाच्या अक्षरानुसार वाचणं, आणि तक्ते काढणं. तक्त्यात एक घटक आडवा, एक उभा घेता येतो. म्हणजे ‘मृताचा दर्जा’ आणि ‘जबाबदार संघटना’ निवडले की कोणी कोणाला मारलं ते समोर येतं. दोन हजारांहून अधिक मृत्यू रिपब्लिकन संघटनांच्या हातून, हजाराच्या आसपास लॉयलिस्टांच्या, साडेतीनशेच्या वर ब्रिटिश सुरक्षा दलांच्या. लॉयलिस्टांच्या हातून मेलेल्यांत पाचांपैकी चाराहून अधिक नागरिक होते. रिपब्लिकनांच्या हातून मेलेल्यांत निम्म्याच्या आसपास सुरक्षा दलांतले होते. पूर्ण प्रदेशासाठी हे तक्ते उत्तम आहेत. गावासाठी ते निकामी आहेत, आणि त्याचं कारण ‘ठिकाण’ या रकान्यात आहे.

ठिकाणाच्या तक्त्यात बेलफास्टचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे भाग मिळतात, डेरी शहर वेगळं मिळतं. बाकी सगळं काउंटीनिहाय: आर्मा, टायरोन, फर्माना, डाउन वगैरे. गाव निवडायची सोय नाही. आपल्याकडे मुंबईचे आकडे वॉर्डनिहाय आणि उरलेल्या सगळ्यांचे जिल्हानिहाय दिले तर खेडचं किंवा मालेगावचं काय झालं ते कळणार नाही, तसंच. गाव हवं असेल तर वर्षवार पानं उघडायची. १९६९ ते २००१ म्हणजे ३३ वर्षांची पानं. प्रत्येक पानावर ब्राउझरच्या ‘शोधा’मध्ये गावाचं नाव रोमन लिपीत टाकायचं. १९७२ चं पान सगळ्यांत लांब आहे, त्या एका वर्षात पावणेपाचशेच्या आसपास मृत्यू आहेत. तिथे घाई करू नये.

उदाहरणासाठी बेसब्रुक घेऊ. काउंटी आर्माच्या दक्षिण भागात, न्यूरी शहरापासून पाचेक किलोमीटरवर, तीन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गिरणीचं गाव. १८४५ मध्ये जॉन ग्रब रिचर्डसन या क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) उद्योजकाने लिननच्या गिरणीभोवती ते आखून वसवलं. गावात पब नको, गहाणवटीचं दुकान नको आणि म्हणून पोलीस चौकीही नको, असा त्याचा नियम. दारू आणि कर्ज नसेल तर पोलिसांची गरज पडणार नाही असा त्यामागचा विचार होता. १९७० च्या दशकात त्याच गिरणीच्या इमारतीत ब्रिटिश सैन्याचा तळ आला. दक्षिण आर्माचे रस्ते सुरुंगांमुळे इतके धोक्याचे झाले होते की सैनिक आणि सामान हेलिकॉप्टरनेच हलवावं लागे. गावावरून दिवसरात्र हेलिकॉप्टरांची ये-जा चाले. तळ २००७ मध्ये बंद झाला.

आता शोधपेटीत ‘बेसब्रुक’ टाकलं की काय मिळतं? १९७६ च्या पानावर ५ जानेवारीला दहा नोंदी लागतात. ग्लेनॅनच्या कापड कारखान्यातून संध्याकाळी घरी निघालेल्या कामगारांची मिनीबस किंग्जमिलजवळ खोट्या नाकाबंदीवर अडवली गेली. बसमधल्या कामगारांत एकच कॅथलिक होता. त्याला बाजूला काढून पळायला सांगितलं आणि उरलेल्या अकरा प्रोटेस्टंट कामगारांवर गोळ्या झाडल्या. १३६ गोळ्या. दहा जण जागीच गेले. एक जण अठरा गोळ्या लागूनही वाचला. वाचला म्हणून तो सूचीत नाही. १९७९ च्या पानावर १७ एप्रिलला चार पोलीस अधिकारी लागतात. हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोच्या व्हॅन-बॉम्बने मेलेले. १९९७ च्या पानावर १२ फेब्रुवारीला एक तरुण ब्रिटिश सैनिक, नाक्यावर लांबून नेम धरून मारलेला. यांखेरीजही नोंदी आहेत.

या तीन शोधफळांमध्ये गाव तीन वेगळ्या अर्थांनी आलेलं आहे. किंग्जमिलचे कामगार बहुतेक बेसब्रुकचे रहिवासी, पण मेले गावाबाहेरच्या रस्त्यावर. पोलीस गावात मेले, कामासाठी तिथे आलेले. सैनिक इंग्लंडहून आलेला, त्याचं घर शेकडो मैल दूर. सूची फक्त मृत्यूचं ठिकाण सांगते, माणसाचं घर कुठलं ते सांगत नाही. त्यामुळे ‘बेसब्रुकमध्ये इतके मेले’ आणि ‘बेसब्रुकचे इतके मेले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्यासाठी वापरणं ही या संग्रहावरून लिहिणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक.

हीच गोष्ट मराठी वाचकाला ओळखीच्या नावावरून लगेच पटेल. लॉर्ड माउंटबॅटन २७ ऑगस्ट १९७९ रोजी मुल्लाघमोर इथे, काउंटी स्लायगोच्या किनाऱ्यावर, बोटीतल्या बॉम्बने मारले गेले. सूचीत ते आयर्लंड प्रजासत्ताकाच्या खाती जमा. त्याच बोटीवर काम करणारा एनिस्किलनचा पंधरा वर्षांचा मुलगाही मेला. तोही प्रजासत्ताकाच्याच खाती. फर्मानाचा तक्ता काढून एनिस्किलनचं नुकसान मोजाल तर तो मुलगा सापडणार नाही. बोटीतल्या जखमींपैकी एक वृद्ध स्त्री दुसऱ्या दिवशी गेली, म्हणून तिची नोंद २८ ऑगस्टला. त्याच २७ तारखेला वॉरनपॉइंट या बंदराच्या छोट्या शहराजवळ अठरा सैनिक मारले गेले. ते काउंटी डाउनच्या आकड्यात जातात, पण त्यांतला एकही घरचा माणूस म्हणून वॉरनपॉइंटचा नाही.

तारखेचा प्रश्न ठिकाणाइतकाच मोठा आहे. सूची मृत्यूच्या तारखेने लावलेली आहे, हल्ल्याच्या नाही. ३० जानेवारी १९७२, डेरीचा ‘ब्लडी संडे’: त्या तारखेखाली तेरा नोंदी आहेत, चौदावी १६ जूनला. ग्रेस्टील गावातल्या बारमध्ये ३० ऑक्टोबर १९९३ ला लॉयलिस्टांनी केलेल्या गोळीबारात आठ गेले, पण आठवा माणूस पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वारला, म्हणून १९९३ च्या पानावर सात आणि १९९४ च्या पानावर एक. क्लॉडी या खेड्यात ३१ जुलै १९७२ ला तीन कारबॉम्ब फुटले. मृत नऊ, पण सगळे त्या दिवसाखाली नाहीत, काही ऑगस्टमध्ये आहेत. ओमा शहरातला बॉम्ब १५ ऑगस्ट १९९८ चा. एकोणतिसावा माणूस ५ सप्टेंबरला गेला. उपाय सोपा आहे: घटनेच्या तारखेवर थांबायचं नाही, त्या वर्षाचं उरलेलं पान आणि पुढच्या वर्षाचं पूर्ण पान ‘जखमी’, ‘दिवसांनी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांसाठी चाळायचं. अशा नोंदींत मूळ हल्ल्याचा उल्लेख असतो.

बेसब्रुकच्या बाबतीत ही काळजी घेतली नाही तर अर्थच बदलतो. किंग्जमिलच्या आदल्या संध्याकाळी, ४ जानेवारी १९७६ ला, जवळच्याच व्हाइटक्रॉसमध्ये एका कॅथलिक घरात शिरून तीन भावांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघं जागीच गेले, तिसरा ३० जानेवारीला. त्याच संध्याकाळी बॅलीडुगनला दुसऱ्या एका कॅथलिक कुटुंबातले तिघे मारले गेले. व्हाइटक्रॉस काउंटी आर्मात आणि बॅलीडुगन काउंटी डाउनमध्ये. म्हणजे एकाच रात्रीच्या हल्ल्यांतले सहा मृत्यू दोन काउंट्यांच्या तक्त्यांत आणि दोन तारखांत विभागले जातात. फक्त आर्मा काउंटी आणि फक्त ४-५ जानेवारी एवढंच पाहणाऱ्याला दोन कॅथलिक आणि दहा प्रोटेस्टंट दिसतील. खरा आकडा सहा आणि दहा आहे. फरक चारचा, पण त्यातून निघणारी गोष्ट पार वेगळी. ३१ डिसेंबर १९७५ ला गिलफर्डच्या बारमधल्या बॉम्बने गेलेले तीन प्रोटेस्टंट आणि १९ डिसेंबरला सिल्व्हरब्रिजच्या बारमध्ये गेलेले तिघे जोडले, तर तीन आठवड्यांत सूड एका वाडीतून दुसऱ्या वाडीत कसा फिरला ते दिसायला लागतं. म्हणून गावाचा अभ्यास करताना भोवतालची दहा-पंधरा किलोमीटरची नावं आधी नकाशावरून लिहून घ्यावीत आणि ती सगळी शोधावीत. स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी द्यावं. ‘किंग्जमिल’ आणि ‘किंग्जमिल्स’ दोन्ही आढळतात, ‘बॅलीडुगन’चं स्पेलिंग तर जागोजाग बदलतं.

‘कोणी मारलं’ हा रकाना सगळ्यांत जपून वाचायचा. किंग्जमिलच्या दहाही नोंदींत जबाबदार संघटना म्हणून ‘रिपब्लिकन अ‍ॅक्शन फोर्स’ आहे, आयआरए नाही. त्या नावाने जबाबदारी घेतली गेली होती. त्या काळात आयआरए शस्त्रसंधी पाळत असल्याचं सांगत होती, त्यामुळे वेगळं नाव सोयीचं होतं. २०११ मध्ये पोलिसांच्या ऐतिहासिक तपास पथकाने या हत्या आयआरएने केल्या आणि धर्मामुळेच माणसं निवडली असं म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये कोरोनरनेही (मृत्यूंची चौकशी करणारा न्यायाधिकारी) हा उघड पंथीय हल्ला होता आणि तो आयआरएचा होता असा निष्कर्ष दिला. सूचीतला शिक्का मात्र मूळ दाव्याचाच. संघटनानिहाय तक्ता काढून ‘आयआरएने आर्मात किती नागरिक मारले’ असं मोजलं तर किंग्जमिलचे दहा त्यात येत नाहीत. दुसऱ्या बाजूलाही हेच आहे. ‘प्रोटेस्टंट अ‍ॅक्शन फोर्स’ हे यूव्हीएफचं टोपणनाव, ‘अल्स्टर फ्रीडम फायटर्स’ हे यूडीएचं. जिथे संघटना नक्की कळली नाही तिथे नुसतं ‘लॉयलिस्ट’ किंवा ‘रिपब्लिकन’ लिहिलेलं असतं. यावर उपाय म्हणून तक्ता काढताना तपशीलवार संघटनेऐवजी ‘संघटना, सारांश’ हा पर्याय निवडावा. त्यात ही सगळी नावं आपापल्या बाजूला जमा होतात. तपशीलवार हवंच असेल तर टोपणनावं हाताने बेरजेत घ्यावीत, आणि आपण तसं केलं आहे हे लेखात लिहावं.

याच रकान्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती सूचीच्या साच्यातच आहे. मारणाऱ्याला एकच खण आहे. ३१ जुलै १९७५ ला मायामी शोबँड या संगीत चमूची गाडी खोट्या नाकाबंदीवर अडवून तीन कलाकारांना मारलं गेलं. नाकाबंदीवरचे लोक यूव्हीएफचे, पण पुढे शिक्षा झालेल्यांत अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटचे, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या स्थानिक तुकडीचे सैनिक होते. दक्षिण आर्मा आणि मध्य अल्स्टरमधल्या अशा अनेक हत्यांमागे पोलीस आणि या रेजिमेंटमधली माणसं असल्याचं पुढे उघड झालं. त्या टोळीला ग्लेनॅन गँग म्हणतात. सूचीत फक्त ‘यूव्हीएफ’. गावातल्या कॅथलिक माणसाला नाकाबंदी दिसली की ती खरी की खोटी, आणि खरी असली तरी उभा असलेला कोण, ही जी भीती वाटायची, ती या एका खणात मावत नाही. शिवाय त्या रात्री बॉम्ब हातात फुटून यूव्हीएफचे दोघे मेले. तेही ‘यूव्हीएफने मारलेले’ या आकड्यात धरले जातात. एखाद्या संघटनेच्या खात्यावरचे सगळे मृत्यू म्हणजे तिचे बळी असं समजू नये. आधी मृताचा दर्जा पाहावा.

दर्जाच्या रकान्यात गावाचा दुसरा पेच लपलेला आहे. फर्माना, टायरोन, आर्माच्या सीमेवर अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटमध्ये अर्धवेळ काम करणारे बहुतेक स्थानिक प्रोटेस्टंट होते: दिवसा शेतकरी, दुकानदार, शाळेच्या बसचा चालक. अशा माणसाला गणवेशात नसताना, स्वतःच्या गोठ्यात मारलं तरी सूचीत तो ‘अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट’, म्हणजे सुरक्षा दलांतलाच. आयआरएच्या मते तो सैनिकच होता. त्याच्या शेजाऱ्यांच्या मते प्रोटेस्टंट घरातला कर्ता माणूस मारून जमीन रिकामी करवली जात होती. सूचीत हेतूचा रकानाच नाही, आणि तो नसावा हेच बरोबर. पण मग ‘नागरिक’ एवढेच मोजून पंथीय हिंसेचा आकडा काढू नये. ऑफ-ड्यूटी असल्याचा उल्लेख वर्णनाच्या वाक्यात असतो. ती वाक्यं वाचून वेगळी टिपणं करावी लागतात, तक्ता ते करून देत नाही.

धर्माचा रकाना पाहताना एक नियम लक्षात ठेवायचा. कॅथलिक, प्रोटेस्टंट हे शिक्के फक्त उत्तर आयर्लंडच्या माणसांना आहेत. बाहेरून आलेल्यांना, मग ते इंग्लंडचे सैनिक असोत की स्पॅनिश विद्यार्थी, ‘उत्तर आयर्लंडबाहेरचे’ असा वेगळा वर्ग. एकूण सूचीत साधारण दीड हजार कॅथलिक, तेराशेच्या आसपास प्रोटेस्टंट आणि सातशेहून अधिक बाहेरचे. तिसरा वर्ग गाळून टक्के काढले की बेरीज शंभर होते, पण ती चुकीच्या पायावर.

ओमासाठी सूची वापरून पाहिली तर या सगळ्या गोष्टी एका दिवसात दिसतात. काउंटी टायरोनचं हे बाजारपेठेचं शहर. शनिवार, दुपारी ३:१०, मार्केट स्ट्रीट. रिअल आयआरएने (आयआरएतून फुटलेला गट) साधारण सव्वादोनशे किलोचा बॉम्ब गाडीत ठेवला होता. धोक्याचे फोन आले, पण त्यांतला पत्ता कोर्टाच्या दिशेचा होता, म्हणून पोलिसांनी लोकांना रस्त्याच्या खालच्या टोकाला हलवलं, म्हणजे गाडीच्याच दिशेने. सूचीत २९ नोंदी आहेत. त्यांत डोनेगलच्या बनक्रॅना गावचे तीन शाळकरी मुलगे आणि स्पेनमधून आलेले दोघे आहेत. आकडा टायरोनचा, पण त्यातलं दुःख बनक्रॅना आणि माद्रिदपर्यंत गेलेलं. ओमाच्या स्मृतिबागेत मात्र ३१ आरसे आहेत. सूर्याचा प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन स्फोटाच्या जागेवरच्या काचेच्या स्तंभात जातो. फरक दोनचा: मृत स्त्रियांपैकी एकीच्या पोटात जुळी होती. सूची जन्मलेल्यांनाच मोजते, शहर त्या दोघांनाही मोजतं. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला वापरला ते लिहिताना सांगावं.

इथेच संग्रहाचा दुसरा उपयोगी भाग येतो, सार्वजनिक जागेतल्या स्मारकांची नोंद. स्मारक कुठे आहे, कसं आहे, त्यावर काय कोरलं आहे आणि फोटो. गावाच्या अभ्यासासाठी हा भाग सूचीइतकाच मोलाचा, कारण कोरलेल्या मजकुरात सूचीत नसलेल्या दोन गोष्टी बरेचदा मिळतात: माणूस कुठला होता, आणि गाव त्याच्या मृत्यूला काय म्हणतं. ‘खून झाला’, ‘प्राणार्पण केलं’, ‘निष्पाप बळी’, ‘कामगिरीवर असताना’ यांतला कुठला शब्द दगडावर आहे त्यावरून तो दगड कोणाच्या वस्तीत उभा आहे ते कळतं. एकाच गावाच्या दोन टोकांच्या दोन दगडांवरची नावं शेजारी ठेवून पाहावीत. एकही नाव दोन्हीकडे नाही असं बरेचदा आढळेल. भित्तिचित्रांचा विभाग देखणा आहे, पण त्यातला भर बेलफास्ट आणि डेरीवर; लहान गावासाठी त्यावर फार वेळ घालवू नये.

कमतरतांपैकी मोठी ही की मेलेल्यांची नोंद जितकी काटेकोर, जिवंत राहिलेल्यांची तितकीच विरळ. संपूर्ण काळातल्या जखमींचा आकडा सुमारे ४७ हजार दिला जातो, पंधरा लाखांच्या प्रदेशात. तो पोलिसांच्या एकूण तक्त्यांतून येतो. गावनिहाय, नावानिहाय काही नाही. किंग्जमिलला वाचलेला तो एक माणूस, ओमात पाय गमावलेले, घर सोडून निघून गेलेली कुटुंबं, गिऱ्हाईक तुटल्यामुळे बंद पडलेली दुकानं, दोन्ही पंथांची पोरं ज्या क्लबमध्ये एकत्र खेळत तो क्लब फुटणं, हे इथे सापडणार नाही. संघटना स्वतःच्याच वस्तीत ‘शिस्त’ लावण्यासाठी पोरांच्या गुडघ्यात गोळ्या घालत, काठ्यांनी हाडं मोडत. त्यातून जो वाचला तो सूचीत नाही. लहान गावात संघटनांचा धाक मुख्यतः याच मार्गाने चाले, म्हणून ही उणीव छोटी नाही. अशा हल्ल्यांचे आकडे उत्तर आयर्लंडचे पोलीस आजही गोळीबार आणि मारहाण अशा दोन वर्गांत प्रसिद्ध करतात, ते तिथून घ्यावेत. ओमासाठी जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक चौकशीतली कुटुंबांची निवेदनं वाचावीत. सूचीतल्या एका ओळीमागचं घर तिथे भेटतं.

पोलिसांचे आकडे आणि सटन यांचे आकडे एकाच तक्त्यात कधीही मिसळू नयेत. पोलीस उत्तर आयर्लंडच्या हद्दीतले मृत्यू मोजतात. सूचीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांतले एकवीस आहेत, आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डब्लिन आणि मोनाहनच्या बॉम्बस्फोटांतले आहेत, माउंटबॅटन आहेत.

२००२ पासूनचे मृत्यू मूळ सूचीत नाहीत. त्यांच्यासाठी संग्रहात वेगळी, मसुदा म्हणून ठेवलेली वर्षवार यादी आहे. दोन्हींचे निकष तंतोतंत सारखे धरू नयेत आणि त्यांची सरळ बेरीज देऊ नये.

गावाचं काम करायचं असेल तर आमची शिफारस अशी: स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने करावेत. हल्ल्याची तारीख, मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण, राहण्याचं गाव, सूचीतला धर्म, सूचीतला दर्जा, सूचीतली संघटना, आणि नंतरच्या चौकशीत किंवा न्यायालयात समोर आलेली संघटना. चौथा आणि आठवा रकाना सूचीतून भरणार नाही. ते स्मारकांवरून, कोरोनरच्या निकालांवरून, स्थानिक वर्तमानपत्रांतून भरायचे. बेसब्रुकएवढ्या गावासाठी ३३ पानं चाळायला दोन-तीन दिवस पुरतात, ते दोन रकाने भरायला आठवडे लागतात. नावं प्रसिद्ध करताना लक्षात ठेवावं की या प्रत्येक ओळीतल्या माणसाचे भाऊ, मुली, नातवंडं आजही त्याच रस्त्यांवर राहतात, आणि मराठीत छापलेला मजकूरही आता एका क्लिकवर इंग्रजीत वाचता येतो.